मेक्सिकोचं पदक आणि किन्हीराजाचे नवरदेव

महाराष्ट्रात मेक्सिकोची स्मृतिपदकं जमवणारी माणसं माझ्या माहितीत दोनच आहेत. एक मी, आणि दुसरे सोलापूरचे एक गृहस्थ, ज्यांनी एका लिलावानंतर माझ्याशी बोलणं टाकलं आहे. त्यामुळे आमची संघटना नाही, मेळावे नाहीत आणि प्रवासाला निघताना सल्ला द्यायलाही कोणी नाही. म्हणून हे लिहून ठेवते. पुढेमागे तिसरं कोणी निघालंच, तर उपयोगी पडेल.

मी नाशिकला एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आहे. काही वर्षांपूर्वी मेक्सिकोहून पाहुणे आले होते. जाताना त्यांनी कोणाला पेन दिलं, कोणाला चॉकलेट. माझ्या हातात एक जड कांस्याचं पदक ठेवलं. ते कुठल्याशा धरणाच्या उद्घाटनाचं होतं. हाती आलेली वस्तू कशाची, कधीची आणि कुठे ठेवायची हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. ते शोधता शोधता कळलं की त्या देशात पूल झाला, दवाखाना झाला, डॉक्टरांचं संमेलन भरलं, की पदक पाडतात. आपण जिथे शाल-श्रीफळ देतो, तिथे ते पदक देतात. शाली जमवणारं कोणी ऐकिवात नाही, पदकं मात्र जमवता येतात.

माझ्याकडे नव्हतं ते गव्हाचं पदक. गव्हाचं नवं बियाणं शिकायला परदेशातून जी माणसं मेक्सिकोला जायची, त्यांना ते दिलं जायचं. म्हणजे ते मेक्सिकोत मिळत नाही. ज्याच्या त्याच्या गावी गेलं.

एक दिवस डबा खाताना माझी सहकारी वर्षा माहेरच्या गावातल्या कुठल्याशा लग्नाचे फोटो दाखवत होती. घोड्यावर नवरदेव. मला नवरदेव दिसलाच नाही. त्याच्या कोटावर, जिथे ब्रोच असतो तिथे, मेक्सिकोच्या झेंड्यावरचा, निवडुंगावर बसून साप खाणारा गरुड होता, आणि भोवती गव्हाच्या ओंब्या.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ते होय? आमच्या गावचं मेडल आहे. सगळे नवरदेव लावतात," वर्षा म्हणाली आणि पुढचा फोटो सरकवला.

तिचं माहेर वाशिम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं किन्हीराजा. तिच्या भाच्याचं, अमोलचं लग्न महिन्याभरावर होतं. मी त्याच दुपारी रजेचा अर्ज दिला.

सोमवार, किन्हीराजा

प्रवासाबद्दल एवढंच, की मे महिन्यात वऱ्हाडात जाणाऱ्याने पाण्याची एक बाटली नेऊ नये, तीन न्याव्यात. वर्षाला ऐनवेळी रजा मिळाली नाही, त्यामुळे वर्षाच्या घरच्या लग्नाला मी एकटी पोचले. तिचे भाऊ प्रकाशभाऊ आणि वहिनी मंदाताई यांना त्याचं काहीच वाटलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला आधी "चहा घेणार का?" असं विचारतात आणि पाहुण्याने एकदा नाही म्हणायचं असतं. इथे विचारत नाहीत. मी नाही म्हणायची संधी शोधत असताना माझ्यापुढे चहा आला, कांदा-मिरची घातलेला कच्चा चिवडा आला, आणि तो संपायच्या आत आणखी चिवडा आला.

पदक घरातच होतं. दुसऱ्या दिवशी कारंज्याला अमोलचं लग्न, म्हणून मंदाताईंनी ते आधीच आणून सेफ्टी पिनांच्या डब्यात ठेवलं होतं. मी पर्समधून सुती हातमोजे काढून घातले. ओसरीवरच्या सगळ्या बाया कामं टाकून बघायला आल्या.

"हातमोजे काहून घालता, ताई? करंट लागते काय?"

मी सांगितलं की घामाने धातूवर डाग पडतात. मंदाताई म्हणाल्या, "डागाचं टेन्शन घेऊ नका. मी सकाळीच चिंच अन् राखेनं घासलं."

पदकांच्या जगात घासणं हा खून समजला जातो. आणि इथे हा खून गेली तीस वर्षं प्रत्येक लगीनसराईत होत आला होता. गरुडाला चोच उरली नव्हती. सापाचा दोरा झाला होता. मागच्या बाजूला मालेगावच्या सोनाराकडून भक्कम पिन डाखवून घेतली होती. सोलापूरच्या गृहस्थांनी हे पदक पाहून डोळे मिटले असते. पण कडेने स्पॅनिश अक्षरं लागत होती आणि गव्हाच्या ओंब्या शाबूत होत्या. मला ते हवं होतं, आणि मी तसं बोलून दाखवलं.

"मग मागा ना शोभाताईले," प्रकाशभाऊ म्हणाले. "मेडल त्यायचं हाय. पर देतीन असं वाटत नाही."

शोभाताईंचं घर बौद्ध वस्तीत, विहाराच्या मागे. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. शोभाताई बांबूवाल्याला झापत होत्या. ते झाल्यावर माझ्याकडे वळल्या. त्यांचे सासरे वामनराव शेती खात्यात होते आणि गव्हासाठी मेक्सिकोला जाऊन आले होते. गावातून परदेशी गेलेला पहिला माणूस.

"वापस आले तं साऱ्या गावानं इचारलं, तिकडं लोक काय खाते? सासरे म्हणे, मक्याची भाकर अन् मिरची. लोक म्हणे, मंग गेला कायले? इथंच भेटत होती!"

वामनरावांनी ते पदक मुलाच्या लग्नात त्याच्या कोटाला लावलं. पुढच्या आठवड्यात गावातल्या एका मोठ्या घरच्या नवरदेवाचा ब्रोच घोड्याच्या पायाखाली गेला आणि त्याची माणसं पदक मागायला आली.

"त्या साली त्याच्या कपाशीले भाव भेटला," शोभाताई म्हणाल्या. "झालं! मेडलचा गुण. मंग जो उठला तो मागाले. पर पह्यल्यांदा नेलं त्यायनं वापस कसं केलं माहीत हाय? गड्याच्या हाती. दाराबाहीरून. तवा मी नवी सून होती, पर मीच सांगून टाकलं, मेडल फुकट भेटीन. पर वापस कराले नवरा-नवरी दोघं येतीन. घरात येतीन, बसतीन, चहा पितीन. मंग जातीन."

"आणि येतात?"

"येतेत. पैले पैले बशी हातात धरून नुसते बसत. आता दुसरा कप मागतेत."

कोणाकडे चहा बसून प्यायचा आणि कोणाच्या दारात उभ्यानं निघायचं, हे आमच्या नाशकातही न बोलता ठरलेलं असतं. मला समजलं ते समजलं. मला समजलं हे त्यांनाही समजलं, आणि आम्ही दोघी थोडा वेळ मांडवाच्या कापडाबद्दल बोललो. मग मी धीर करून म्हटलं, "ताई, हे पदक मला विकत द्याल का?"

"इकाले हे काय सोयाबीन हाय?" त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "अन् गुरुवारी माह्या सिद्धार्थचं लग्न हाय. साऱ्या गावाच्या पोरायनं लावलं. आता माह्या घरचा नवरदेव हाय. त्याच्या आजोबाचं मेडल त्याच्या छातीवर पाह्यजे. मंदाताईले सांगजा, बुधवारी वापस आलं पाह्यजे."

मी मंदाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "घ्या! म्हंजे काय हरवून राह्यलं का काय!"

मंगळवार, कारंजा

पत्रिकेत साडेअकरा होते. साडेअकराला नवरदेव घोड्यावर बसला. मंडप तीन मिनिटांवर होता. ते अंतर वरातीने दोन तासांत कापलं, कारण डीजेच्या गाडीसमोर नाचणारी मंडळी पुढे कमी आणि मागे जास्त जात होती. मी रुमाल भिजवून डोक्यावर ठेवला आणि अमोलच्या छातीवरून नजर हलवली नाही. बाजारपेठेतले लोक दुकानातून नवरदेवाकडे बघत होते. मी एकटी गरुडाकडे.

नवरीकडच्या मुली नवरदेवाचे जोडे पळवतात, ही रीत आमच्याकडेही आहे. पण किन्हीराजाच्या मंडळींनी जोड्यांचा बंदोबस्त बँकेसारखा केला होता. प्रकाशभाऊंच्या जावयांनी जोडे स्टीलच्या डब्यात घातले, झाकण लावलं आणि डब्यावर स्वतः बसले. जेवायलाही उठले नाहीत. त्यांना ताट तिथेच दिलं. बुंदी, आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, मठ्ठा. वांग्याच्या भाजीवर तेलाचा जो थर असतो त्याला तिथे कोणी थर म्हणत नाही, भाजीच म्हणतात. मी दोनदा घेतली. आणि तेवढ्यात माझी नजर हटली.

नवरीच्या पाठवणीच्या रडारडीत मंदाताईंचा वेगळाच सूर लागला. "अवं माय! मेडल कुठं हाय?"

अमोलच्या कोटावर दोन भोकं होती. प्रकाशभाऊंनी आधी घोडेवाल्यावर संशय घेतला, मग डीजेवर, मग माझ्याकडे अर्धवट बघून मान फिरवली. त्यात त्यांची चूक नव्हती. पदक विकत मागायला आलेली बाई मांडवात मी एकटीच होते.

अशा वेळी ओरडून उपयोग नसतो, क्रम लावावा लागतो. मी फोटोवाल्याला गाठलं आणि कॅमेऱ्यातले फोटो एकामागून एक बघितले. मामांबरोबर फोटो: पदक आहे. मावश्यांबरोबर: आहे. करवल्यांबरोबर: आहे, आणि अमोलला चिकटून पोपटी घागऱ्यातली एक मुलगी हसते आहे. त्यापुढचा फोटो आत्याबाईंबरोबर: पदक नाही, पोपटी घागराही नाही.

"ही कोण?"

"प्रांजल," नवरी रडता रडता थांबून म्हणाली. "माझी मावसबहीण. अनसिंगची. ती तर गेली मघाशीच."

अमोलने फोन लावला. प्रांजलने तो उचलून आधी भरपूर हसून घेतलं. "जोडे नाही भेटले तर ब्रोच घेतला, जिजू! आता सोडवून न्या. नाही तर मी येईन पुढच्या रविवारी, तवा आणीन."

पुढचा रविवार म्हणजे सिद्धार्थच्या लग्नानंतर. अमोलने "अरजंट आहे" म्हटलं, तर ती आणखी हसली. नवरीच्या माहेरी खरं सांगायला मंदाताई तयार नव्हत्या. "पह्यल्याच दिवशी सांगू, का आमी दुसऱ्याची वस्तू लावून आलो अन् हरवली? जलमभर आयकवतीन." शेवटी ठरलं की सकाळी मंदाताई आणि मी अनसिंगला जायचं. अमोलला हळदीच्या अंगाने उन्हात पाठवणार नव्हते, आणि प्रकाशभाऊंना घरी शोभाताई आल्याच तर त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारण्यासाठी ठेवलं.

बुधवार, अनसिंग

वाशिमला एसटी बदलून आम्ही अनसिंगला उतरलो. रस्त्याकडेच्या शेतांत हळद कधीच निघून गेली होती आणि नांगरलेली काळी ढेकळं उन्हात तापत पडली होती. स्टँडसमोर रसवंती होती. मंदाताई तिथे बाकावर बसल्या आणि पदर सारखा केला.

"तुमी जा. मी इथं बसतो."

"का?"

"मी वरमाय हाव, ताई! काल लग्न लागलं. आज मी नवरीवाल्यायच्या पोरीच्या दारात हात जोडू? तुमी बाहीरच्या. तुमाले चालते."

मी गेले. प्रांजल बीएस्सीला होती आणि पदक तिने कॉलेजच्या सॅकला लावलं होतं. मी माझी ओळख सांगितली, घाई समजावली, सिद्धार्थच्या लग्नाचंही सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"देते," ती म्हणाली. "पर रीत ते रीत. सोडवणूक पाह्यजे. पैसे नको. जिजूच्या मम्मीनं माझ्यासमोर उखाणा घ्यायचा."

मी रसवंतीत परत आले. मंदाताईंनी उसाच्या रसाचा ग्लास बाकावर आपटला. "दारात नाही जात म्हणतो, तं ते उखाणा मागते!" मी म्हटलं, शेवटची एसटी कधी आहे ते मी पाहून ठेवलंय, पण त्याआधी निर्णय व्हायला हवा. त्यांनी उरलेला रस संपवला. मग म्हणाल्या, "शोभाताईनं इचारलं तं मी कोणतं तोंड दाखवू?" आणि उठल्या.

प्रांजलच्या दारात शेजारच्या बाया जमल्याच होत्या. मंदाताईंनी उंबऱ्याबाहेर पाय रोवले, कमरेवर हात ठेवला, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"मेक्सिकोच्या गरुडाची अनसिंगात चोरी,
प्रकाशरावचं नाव घेतो, काढ मेडल पोरी!"

बायांनी टाळ्या वाजवल्या. प्रांजलने पदक तर दिलंच, वर मंदाताईंच्या पाया पडली आणि आत नेऊन बसवलं. वरमाय म्हणून मंदाताईंनी तिथे सरबत नको म्हणायला हवं होतं. त्यांनी ते दोनदा घेतलं आणि परतीच्या एसटीत उखाणा मला पाच वेळा म्हणून दाखवला. मग त्यांचा डोळा लागला. पदक माझ्या मांडीवर होतं. हातमोजे घरीच राहिले होते. मी कडेची अक्षरं बोटाने एकेक करून वाचली. कितीतरी वर्षं जे शोधत होते, ते हेच. वाशिम येईपर्यंत मी ते हातातून खाली ठेवलं नाही.

संध्याकाळी अमोल आणि नवी सून शोभाताईंकडे जाऊन बसून चहा पिऊन आले. अनसिंगची गोष्ट कोणी सांगितली नाही. शोभाताईंना ती तोवर तिघांकडून कळली होती.

गुरुवार, किन्हीराजा

सिद्धार्थच्या लग्नाची वेळ साडेअकरा होती. साडेअकराला लग्न लागलं. मला भरून आलं. मुहूर्ताची भानगड नाही. पांढऱ्या कपड्यातली मंडळी, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, वंदना, दोघांनी घेतलेल्या प्रतिज्ञा, आणि पत्रिकेत छापलेली वेळ पाळणारे लोक. सिद्धार्थ वाशिमला नोकरीला, नवरी प्रज्ञा यवतमाळकडची. पदक शोभाताईंनी स्वतः लावलं. पिन बसेना, कारण त्यांना डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. शेवटी मंदाताईंनी हात धरला आणि दोघींनी मिळून ती बसवली.

प्रश्न आला पंगतीत. कोणी तरी म्हातारबाबा म्हणाले, "मेडल लावलेलं जोडपं शोभाबाईच्या घरी चहाले जाते. मंग हे दोघं कुठं जातीन? हे तं तिथंच राह्यतेत."

हसले सगळे. शोभाताई वाढत होत्या. त्यांचा हात बुंदीच्या परातीत तसाच राहिला.

"आमच्या घरी येतीन," मंदाताई म्हणाल्या. "पैले आमच्या. आमच्या पोरानं लावलं तं आता पाळी आमची."

"मंग आमच्याही!" समोरच्या पंगतीतून आवाज आला. मग तिसरा. दोन-तीन घरची माणसं मात्र ताटातल्या बुंदीकडे फारच लक्ष देऊन बघत राहिली. बाकीच्यांमध्ये आधी कोणाकडे जायचं यावरून जी जुंपली, ती मिटवायला मी पर्समधून पेन काढलं. घरं अंतराने लावायची, सावलीची बाजू सकाळी, उन्हाची संध्याकाळी. लिहू लागले तर पदक लावून लग्न झालेल्यांची संख्या गावात झालेल्या लग्नांपेक्षा जास्त भरली. एका आजोबांनी स्वतःच्या लग्नातही लावलं होतं म्हणून सांगितलं. त्यांच्या वयाकडे पाहता तेव्हा वामनरावांनीही मेक्सिकोचं नाव ऐकलं नसावं. मी त्यांचं घर घेतलं. बुंदीकडे बघणाऱ्यांची घेतली नाहीत.

शुक्रवार, किन्हीराजा

रात्रीच्या एसटीने मी निघणार होते. आखणी माझी, म्हणून जोडप्याबरोबर मलाच पाठवलं. ज्यांना ही पद्धत आपल्या गावी सुरू करायची असेल त्यांना अनुभवाने सांगते: मे महिन्यात करू नये, आणि यादी करणाऱ्याने बरोबर जाऊ नये, कारण त्यालाही प्रत्येक घरी पूर्ण कप मिळतो.

मंदाताईंनी कपाटातले फुलाफुलांचे कप काढले होते. पुसल्याची ओल अजून बशीवर होती. प्रज्ञाला पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं. प्रत्येक घरात तसंच. कोणी तिला माहेरचं विचारलं, कोणी पातळाचा पोत बघितला, कोणी लहान मूल मांडीवर दिलं. चौथ्या घरापर्यंत ती लाजत होती, सहाव्यापर्यंत हसत होती. त्यानंतर ती फक्त गिळत होती. सिद्धार्थ "थोडाच द्या" म्हणायचा आणि त्याच्या कपात थोडा जास्त पडायचा. आलं घातलेला चहा, वेलची घातलेला, शेळीच्या दुधाचा, आणि आजोबांकडचा गुळाचा, जो त्यांनी स्वतः केला होता. यादी संपली तेव्हा आम्ही तिघं पारावर कडुनिंबाच्या सावलीत बसलो. 

"ताई," प्रज्ञा म्हणाली, "तुमाले हे मेडल पाह्यजे होतं ना?"

"हो."

"मंग घेऊन जा. आजच जा. मी आता या घरची सून हाव. सासूबाईले मी सांगतो."

सिद्धार्थ हसला, पण त्याने खरंच पिन काढली आणि पदक माझ्या तळहातावर ठेवलं. "घेऊन जा ताई. पुढच्या सुनाईचे जीव वाचतीन."

दिवसभर त्याच्या छातीवर राहून ते गरम झालं होतं. चोच नसलेला गरुड, दोऱ्याएवढा साप, ओंब्या. मी मूठ मिटली. कितीतरी वेळ मिटलेली ठेवली.

"अवं, येता का नाही?" पारापलीकडून हाक आली. समोरच्या घराच्या फाटकात एक म्हाताऱ्या बाई कपाळावर हात धरून उभ्या होत्या. "मघापासून चहा ठेवून राह्यलो. दूध आटलं सारं!"

काल पंगतीत बुंदीकडे बघत राहिलेल्यांपैकी एक घर ते. सिद्धार्थ माझ्याकडे बघत राहिला. प्रज्ञाने पोटावर हात ठेवला.

मी मूठ उघडली, पदक त्याच्या खिशावर लावलं आणि पिन नीट बसली की नाही ते ओढून पाहिलं.

"उठा," मी म्हटलं. "हे घर यादीत नव्हतं."